चार महिन्यांची लेक, शिफ्टमधला नवरा आणि माझा व्यायाम

माजी_धावपटू (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार मंडळी. लेक चार महिन्यांची झाली. सिझेरियन होतं. टाके, बाळाची कावीळ, रात्रीचं रडणं हे सगळं आता बऱ्यापैकी मागे पडलंय. डॉक्टर म्हणाल्या, "हळूहळू व्यायाम सुरू करायला हरकत नाही." तो करायचा कधी, हे काही त्या बोलल्या नाहीत.

थोडं घरचं सांगते, नाहीतर "लवकर उठत जा" असे सल्ले येतील. मी पळणारी बाई. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने १०,००० मीटरमध्ये कांस्य जिंकलं तेव्हा मी शाळेत होते. पेपरातला तिचा फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. पुढे स्पर्धाबिर्धा काही गाजवल्या नाहीत, पण इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पळणं आणि रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या, हे लग्नानंतरही सुटलं नव्हतं. आता तीन जिने चढून आले की दारात उभं राहून दम खाते. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही.

नवरा अंबडला मशीन शॉपमध्ये. दर आठवड्याला शिफ्ट बदलते. फर्स्ट म्हणजे सात ते साडेतीन, सेकंड साडेतीन ते बारा, आणि मग नाईट. मी सातपूरला क्वालिटीत, जनरल शिफ्ट, पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय. सासूबाई घरी आहेत, जीव लावतात, पण गुडघे गेलेत. नातीला मांडीवर घेऊन बसतात. आमच्या कन्येला बसलेला माणूस चालत नाही, फिरणारा लागतो.

दिवस असा जातो: पहाटे चारला दूध, पाचला फर्स्ट शिफ्टचा डबा, सहाला नळ, नऊला मालिशवाल्या मावशी. मालिश, आंघोळ, धुरी झाली की आमच्या कन्याबाई अर्धा-पाऊण तास झोपतात. एक जण म्हणतं बाळ झोपलं की तूही झोप. दुसरं म्हणतं बाळ झोपलं की व्यायाम कर. कपडे, भांडी आणि माझं जेवण हेसुद्धा बाळ झोपलं कीच. एवढीशी झोप, ती किती जणांत वाटायची?

तुम्ही कुणी जमवलंय का, आणि नेमकं कसं? आणखी दोन शंका. सासूबाई म्हणतात पोट घट्ट बांध, मैत्रीण म्हणते मुळीच बांधू नको. शिवाय घाम आल्यावर दूध पाजलं तर बाळाला बाधतं असंही सासूबाईंचं म्हणणं आहे. आणि इथे नाव दिसत नाही म्हणून लिहिते, शिंकले की थोडी लघवी होते. सिझेरियन असून असं का?


रविवारची_मिसळ

इच्छा असली की वेळ निघतो, ताई. पहाटे पाचला उठा, अर्धा तास पळून या, घर उठायच्या आत परत. माझ्या मिसेसने मुलगा तीन महिन्यांचा असताना सुरू केलं होतं, आजही गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकला रोज जाते.


माजी_धावपटू

दादा, पाचला मी उठलेलीच असते. चारलाही. एक सांगा, वहिनी पळायला जायच्या तेव्हा मुलगा कोणाकडे असायचा?


रविवारची_मिसळ

तेव्हा ती माहेरी होती. सासूबाई, दोन मेहुण्या, सगळे होते.


माजी_धावपटू

हं.


फिजिओ_गंगापूररोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि दोन मुलांची आई. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण वेळेचं गणित त्यावर अवलंबून आहे.

सिझेरियनमध्ये बाळ वरून काढलं म्हणजे खालचे स्नायू ताजेतवाने राहिले, असं होत नाही. गर्भाशयाचं, बाळाचं, पाण्याचं वजन नऊ महिने ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंनीच पेललेलं असतं. त्यामुळे शिंकताना, खोकताना, पायऱ्या उतरताना लघवी ठिबकणं सिझेरियननंतरही दिसतं. माझ्याकडे येणाऱ्या बायका कंबरदुखी सांगत येतात आणि निघताना दाराशी थांबून हळूच हे विचारतात. यात लाजण्यासारखं काही नाही, पण "बाळंतपणानंतर असं व्हायचंच" म्हणून सोडूनही देऊ नका. बहुतेकींचं व्यायामाने सुधारतं.

लघवी थांबवल्यासारखं आणि गॅस अडवल्यासारखं, दोन्ही एकदम, आत आणि वर ओढायचं. पाच-सहा सेकंद धरायचं, मग पूर्ण सैल सोडायचं. श्वास चालू ठेवायचा, ढुंगण आणि मांड्या आवळायच्या नाहीत. दहा वेळा, दिवसातून तीनदा. अमेरिकेतल्या आर्नोल्ड कीगल या डॉक्टरांनी १९४८ साली याबद्दल लिहिलं, म्हणून कीगल म्हणतात. मात्र प्रत्यक्ष लघवी करताना मध्येच थांबवून सराव करत बसू नका. यासाठी ट्रॅक नको, बूट नको, कुणी बाळ धरायला नको. दूध पाजायला बसलात की करा. तुमच्या दिवसातली सगळ्यात खात्रीची वेळ तीच आहे, चुकत नाही.

पोटाचं. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, बोटं बेंबीच्या जरा वर मधोमध ठेवा आणि डोकं थोडं उचला. मध्ये खोबण लागते का, किती बोटं मावतात, ते पाहा. गरोदरपणात पोटाचे उभे स्नायू मधून बाजूला होतात, नंतर बहुतेकींचे जवळ येतात, काहींचे राहतात. दोन बोटांपेक्षा जास्त अंतर असेल किंवा उठताना पोटाच्या मधोमध उंचवटा येत असेल तर सिटअप्स, क्रंचेस आणि ती मोबाईलवरची "सात दिवसांत पोट सपाट" मंडळी बंद. पट्ट्याने कंबरेला आधार वाटतो, टाक्यांना बरं वाटतं, म्हणून सैलसर थोडा वेळ बांधला तर बिघडत नाही. पण पट्टा स्नायू जोडत नाही. आणि करकचून बांधलं तर दाब खाली जातो, जिथे तुमचं आधीच ठिबकतंय. म्हणजे सासूबाई अर्ध्या बरोबर, मैत्रीण अर्धी बरोबर.

दुधाचं. मध्यम व्यायामाने दूध कमी होत नाही, बाळाच्या वाढीवरही परिणाम होत नाही. घाम पुसा आणि पाजा. उलट व्यायामाच्या आधी पाजून घ्या, भरलेल्या छातीने पळणं किती त्रासाचं असतं ते पळणारीला मी काय सांगू. आणि उपाशी राहू नका. पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला रोज ६०० कॅलरी जास्त लागतात असं आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, सांगतं. डिंकाचा लाडू वजनाच्या भीतीने परत करू नका.

पळण्याचं. ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ साली याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. पळणं तीन महिन्यांच्या आधी नाही, आणि त्यानंतरही कॅलेंडर बघून नाही, शरीर बघून. अर्धा तास चालता येतं का, एका पायावर दहा सेकंद उभं राहता येतं का, जागच्या जागी एक मिनिट जॉगिंग करता येतं का, आणि हे करताना दुखणं, ठिबकणं किंवा खाली जडपणा येतो का? येत असेल तर अजून चालायचंच. तुम्ही चार महिन्यांवर आहात, पण शिंक तुम्हाला उत्तर देतेय.

वेळेबद्दल एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत बाळंतिणींसाठीही आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय. त्याच वेळी, किमान दहा मिनिटं सलग केलं तरच धरायचं, ही मोठ्यांसाठीची जुनी अटही त्यांनी काढून टाकली. सहा मिनिटं चाललात तर सहा मिनिटं जमा.

आणि तो दारातला दम. सगळंच "सवय सुटली" म्हणून नसतं. एकदा हिमोग्लोबिन बघून घ्या. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं होतं. बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाची गोळी घ्यायची असते, ती बाळाच्या धांदलीत सगळ्यात आधी विसरली जाते. चालू आहे ना? पोटरी दुखून सुजली, छातीत दुखलं किंवा पुन्हा रक्तस्राव वाढला तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टर. मन सारखं उदास राहत असेल, बाळाकडेही बघावंसं वाटत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचंच दुखणं आहे. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही आहे, मराठीत बोलता येतं.


माजी_धावपटू

ताई, एवढं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं. गोळी... डब्यात आहे. पाकीट अर्धं भरलेलं. आजपासून पुन्हा. मन ठीक आहे, चिडचिड आहे फक्त. कीगल पाजताना सुरू केलंय, सासूबाई विचारत होत्या तोंड असं का करतेस.


पंचवटीच्या_काकू

अगं पोरी, मी साठीच्या पुढची. रोज सकाळी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाकाठी, फिरायला जाते, गुडघे माझेही कुरकुरतात. तुझ्या सासूची बाजू मला कळते, म्हणून चार शब्द.

आमच्या वेळी सव्वा महिना बाजेवरून उतरू देत नसत. बाजेखाली शेगडी, अळिवाची खीर, बाळंतशेपा, डोक्याला फडकं, कानात कापूस. उन्हाळ्यात काय जीव जायचा ते मला विचार. ते सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. पण त्या सव्वा महिन्यात बाळ माझ्याकडे फक्त दुधापुरतं असायचं, हे मात्र होतं. वाड्यात आजेसासू, चुलतसासू, दोन जावा, कुणी ना कुणी उचलायचं. सव्वा महिना संपला, मी चुलीपाशी गेले, आणि मग पोर माझंच झालं.

हल्ली कुणीतरी सांगत असतं की पूर्वीच्या बायका जात्यावर दळायच्या म्हणून धडधाकट होत्या. लहानपणी आजीसमोर बसून मी जात्याचा खुंटा ओढलाय. आजीची कंबर चाळिशीतच वाकली होती. दळण तिला चुकत नव्हतं म्हणून ती दळायची. तू पळतेस ते तुला आवडतं म्हणून. त्यात लाज बाळगू नकोस, आणि घरात मागताना "डॉक्टरांनी सांगितलंय" याच्या आड लपूही नकोस. मला जायचंय, एवढं पुरे.

आता सासूचं. तिला पोर घेऊन फिरता येत नाही, बसून दोरी तर ओढता येईल? छताला कडी असेल तर झोळी बांध, नाहीतर पाळणा आण. खुर्चीत बसायचं, दोरी हातात, तोंडाने गाणं. पोर पोटभर प्यालेलं असलं की अर्धा तास कुठे जात नाही. झोळी जमिनीपासून फार उंच नको आणि सासूची नजर त्यावर असू दे, तिला टीव्ही लावून देऊ नकोस. आणि तिला हे काम सांगू नकोस, विचार. "आई, एवढा वेळ तुम्ही बघाल का?" गुडघे गेले की घरातली एकेक कामं हातातून काढून घेतात ना, फार लागतं ते. मला लागतं.


अंबड_नाईटशिफ्ट

ताई, मी तुमच्या मिस्टरांच्याच जातकुळीतला. अंबडलाच, तीन शिफ्ट, मुलगा आता दीड वर्षाचा. बायको शिक्षिका आहे, योगा करते. सुरुवातीला आम्हीही एक ठरलेली वेळ शोधत होतो आणि दर सोमवारी शिफ्ट बदलली की ती मोडायची. मग तीन आठवड्यांची तीन वेगळी वेळापत्रकं केली.

सेकंड शिफ्टचा आठवडा सोन्याचा. मी दुपारी अडीचपर्यंत घरी. रात्री साडेबाराला आलो तरी सकाळी सातला उठतो आणि पाऊण तास पोरगा माझ्याकडे. फर्स्टला कंपनीची बस चारपर्यंत पाथर्डी फाट्याला सोडते. चहा घेतला की पाच ते सहा पोरगा माझ्याकडे, ती बाहेर. नाईटचा आठवडा अवघड. सकाळी पावणेआठला घरी पोचतो, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. तेव्हा फक्त वीस-पंचवीस मिनिटं, आणि ती उभ्याने गॅलरीत. सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन टेकायचं नाही. डोळा कधी लागला कळत नाही आणि बाळ फटीत सरकू शकतं. झोप अगदीच अनावर असली तर सरळ सांगायचं, आज नाही. त्या आठवड्यात तिचं कमी होतं, पण शून्य होत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं ऐका. तुम्ही घराबाहेर पडा. बायको आतल्या खोलीत चटई टाकून योगा करायची तेव्हा मी दर पाच मिनिटांनी दारात. डायपर कुठाय, टोपरं कुठलं घालू, हा का रडतोय. ती खाली उतरली की मला सगळं सापडायचं. डायपर कुठे असतात हे मला एरवीही माहीत होतं, उगाच कशाला खोटं बोलू.

आणि मिस्टरांना "मला मदत करा" असं म्हणू नका. पाच ते सहा बाळ तुमच्याकडे, एवढंच. मशीनवर शिफ्टचा चार्ज देतो तसा द्या: शेवटचं दूध किती वाजता, शी झाली का, झोप कधी येईल. कंपनीतला माणूस आहे, चार्ज घेतला की पुढची शिफ्ट त्याची, हे त्याला बरोबर कळतं.


सिडकोची_सून

पुढच्या महिन्यात जॉइन होणार म्हणालात म्हणून लिहिते. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची रजा सगळ्यांना माहीत झाली, पुढचं फारसं कुणी वाचत नाही. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय द्यायची आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं, हेही त्यातच आहे. शिवाय बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीखेरीज दूध पाजण्यासाठी दोन ब्रेक मिळतात, ते तर १९६१ च्या मूळ कायद्यापासून आहे. एचआरला तोंडी विचारलं की "बघू" मिळतं, मेल करा.

व्यायामाशी याचा संबंध असा की दूध काढायला ब्रेक मिळाला तर जेवणाची सुट्टी जेवणासाठी उरते, आणि जेवून झाल्यावर कंपाउंडला दहा-बारा मिनिटं फेऱ्या होतात. माझं आठवड्याचं निम्मं चालणं पार्किंग आणि गेट यांच्यामध्ये झालंय. सुरुवातीला सिक्युरिटीवाले काका विचारायचे, मॅडम काही हरवलंय का.


माजी_धावपटू

सगळ्यांना एकत्रच लिहिते, बाई आत्ता झोपल्यात.

अंबडच्या दादांचं उत्तर नवऱ्याला वाचून दाखवलं. पहिली प्रतिक्रिया, "हा कोण शहाणा, आमच्या प्लांटचा आहे का?" मग कालनिर्णय काढलं आणि महिनाभराच्या शिफ्ट लिहिल्या. त्याच्या निळ्या पेनने, त्याखाली माझ्या वेळा हिरव्याने. नाईटच्या आठवड्याला त्याने स्वतःच अर्धा तास लिहिला होता, मी वीस मिनिटं केली. दादांचं सोफ्याचं वाक्य त्याला दोनदा वाचायला लावलं.

सध्या सेकंड चालू आहे, म्हणून सकाळी पाजलं की सातला मी खाली. घरात करणार होते, पण काकू आणि दादा दोघांचं मिळून जे निघालं ते पटलं. ट्रॅकवर गेले, नुसतं चालले. जागच्या जागी जॉगिंगची परीक्षा घरीच दिली होती, नापास. एक मिनिट व्हायच्या आतच कळलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. शेजारून एक आजोबा मला मागे टाकून गेले आणि मागे वळून बघत हसले. पोटात दोन बोटं मावतात, थोडी जास्तच. फिजिओची वेळ घेतलीय, हिमोग्लोबिनही करून घेते. पट्टा सैल केला आणि सासूबाईंना कारण सांगितलं. "बघ बाई, तुझं तू," म्हणाल्या, म्हणजे पूर्ण पटलं नाही.

काकू, झोळी मात्र लागली. तुमचं "सांगू नकोस, विचार" लक्षात ठेवून विचारलं. सासूबाईंनी कपाटातून त्यांची जुनी नऊवारी काढली, नवी साडी टोचते म्हणे. मावशी गेल्यावर त्या दोरी घेऊन बसतात आणि मी गच्चीवर फेऱ्या मारते. हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर. पोरगी मला झोळीत टाकू देत नाही, त्यांनी टाकलं की गप्प राहते. यावरून त्यांना जो आनंद झालाय त्याबद्दल मी काही बोलत नाही.

मिसळवाल्या दादा, राग नाही. वहिनींना विचारून एक सांगाल का, माहेरून परत आल्यावर त्यांनी कसं जमवलं? मला त्यात जास्त रस आहे.

फिजिओताई, एक बारकी शंका. जुन्या स्पोर्ट्स ब्रा सगळ्या लहान झाल्यात. नवी घ्यायची तर पाजणाऱ्या बाईने माप कसं घ्यायचं? सकाळी एक असतं, दुपारी दुसरं.


रविवारची_मिसळ

विचारलं. ती म्हणाली, परत आल्यावर सहा महिने बंदच होतं. मला माहीतच नव्हतं. मग शेजारच्या वहिनींशी आलटून पालटून ठरवलं, एक दिवस ही दोन्ही मुलं बघायची, एक दिवस त्या. सविस्तर तीच लिहील, सध्या माझ्याशी नीट बोलत नाहीये.


फिजिओ_गंगापूररोड

माप पाजून झाल्यावर घ्या, आणि पळताना नेहमी पाजूनच निघा म्हणजे तेच माप लागू राहील. वायर नसलेली, रुंद पट्ट्यांची, मागे हुकांच्या तीन-चार ओळी असलेली घ्या, म्हणजे कमी-जास्त करता येते. आधार हवा, आवळून टाकणारी नको. सतत दाब राहिला तर दूध साचून गाठ होते आणि ताप येतो. घरी आल्या आल्या काढायची, ती घालूनच स्वयंपाकाला लागू नका. सध्या दोनच घ्या, बाळ वरचं खायला लागलं की माप पुन्हा बदलेल.